डावीकडून सातवी चिठ्ठी

नववीच्या वर्षात मुलं नेमकं काय शिकतात, असं कुणी कारा-बुलुंगच्या शाळेत येऊन विचारलं असतं, तर भूमिती शिकवणाऱ्या असिलकान एजेंनी खरं उत्तर दिलं नसतं. कागदावरचं उत्तर तयार होतं: किरगीझ भाषा, देशाचा इतिहास, भूमितीचे पंचवीस धडे आणि बाकी बरंच काही. प्रत्यक्षात एक मूल भूमितीतला एकच धडा शिकायचं. तो मात्र असा शिकायचं, की झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा सांगेल.

ही रीत एजेंनीच पाडली होती; इकडं शिकवणाऱ्या बाईला एजे, म्हणजे ताई, म्हणतात आणि सरांना अगाय. चांगल्या मनानं पाडली होती, म्हणून तर ती मोडणं अवघड होऊन बसलं होतं. नववीला सक्तीचं शिक्षण संपतं आणि जूनच्या सुरुवातीला तोंडी परीक्षा होते. जिल्ह्याहून बंद लिफाफ्यातून पंचवीस चिठ्ठ्या येतात, प्रत्येक चिठ्ठीवर दोन प्रश्न. चिठ्ठ्या टेबलावर पालथ्या मांडायच्या, मुलानं एक उचलायची, वीस मिनिटं बाकावर बसून डोकं खाजवायचं आणि मग फळ्याशी उभं राहून बोलायचं. आठ वर्षांपूर्वी एका मुलीची आई परीक्षेच्या आठवडाभर आधी गेली. एजेंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, “डावीकडून तिसरी उचल. तेवढंच वाचून ये.” त्यांनी चिठ्ठ्या नंबरवार मांडल्या आणि मुलगी पास झाली. पुढच्या वर्षी दोघांना सांगितलं, कारण त्यांच्या घरच्या मेंढ्या वीत होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी, ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांच्या आया दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्या पोरानं कुणाचं घोडं मारलं, असा त्यांचा सवाल होता.

तेव्हापासून मार्च उजाडला की एजे वर्गात चिठ्ठ्या वाटून टाकायच्या. तोंडीच, अर्थात. जेंगिश, तुझी पाच नंबरची. बाकीच्यांच्या अशाच. मुख्याध्यापक सागिनबेक यांना हे माहीत होतं आणि माहीत नव्हतं, दोन्ही. शाळेत एकही मूल नापास होत नव्हतं, त्यामुळं पडताळणीला कुणी येत नव्हतं, आणि मुख्याध्यापकाला आयुष्यात याहून जास्त काय हवं असतं?

यंदा नववीत अकरा मुलं होती. त्यांतली दहा कशी होती हे सांगण्यात फारसा अर्थ नाही. चांगली होती, दंगेखोर होती, एप्रिलात मेंढ्यांमागं गायब व्हायची. अकरावी कानिशाय. एकतीस वर्षांत एजेंच्या हाताखालून असं डोकं गेलं नव्हतं. फळ्यावर आकृती अर्धी काढून झाली की ही मुलगी पुढचं वाक्य बोलून मोकळी व्हायची, आणि तेही शेखी मिरवत नाही, उगाच वेळ कशाला घालवायचा अशा सुरात.

कानिशायचा बाप एसेन घोड्या पाळायचा. बावीस दुभत्या घोड्या, त्यांची शिंगरं, आणि या सगळ्याला माणसं दोनच, तो आणि बायको, कारण थोरला मुलगा मॉस्कोत बांधकामावर गेला होता आणि फोनवर येतो येतो म्हणत होता. एसेन काही वाईट माणूस नव्हता. त्यानं मुलीला स्वच्छ सांगितलं होतं, “नारीनची शाळा पाचवाल्यांना घेते ना? मग भूमितीत पाचपैकी पाच आण. मी तुला स्वतः सोडून येईन. पाच नाही आले, तर माझ्याबरोबर वर कुरणावर चल. मला माणूस हवंय.” नारीन शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेचाही नियम तोच होता. भूमितीत पाच असतील तर दहावीला प्रवेश, राहणं-जेवण सगळं त्यांचं. चार असतील तर अर्ज पाठवायची तसदी घेऊ नये. आणि एसेन दिलेला शब्द पाळायचा, दोन्ही बाजूंनी.

मार्चात कानिशाय एजेंच्या टेबलाशी आली होती.

“एजे, मी सगळ्या पंचवीस तयार करते.”

“कशाला?” एजे वह्या तपासत होत्या. “तुझी सात नंबरची. वर्तुळातला षट्कोन. दुसरा प्रश्न क्षेत्रफळाचा. तुझ्या हातचा मळ आहे.”

“पण मला बाकीच्या पण आवडतात.”

“आवडू देत. तुला घरी वेळ किती मिळतो, मला ठाऊक नाही का? संध्याकाळी शिंगरं बांधतेस, रात्री डोळे मिटतात. मिळेल तो वेळ त्या एकीला दे. अशी घासून पुसून ठेव, की परीक्षकाला पाच द्यावेच लागतील. बाकीच्यांना हात लावू नकोस. ऐकतेयस ना?”

“ऐकतेय,” कानिशाय म्हणाली. हुशार मुलांची एक खोड असते, ती सांगितलेलं ऐकतात.

एजेंच्या मनात काय होतं ते उघड होतं. पोरीचा पाचावर हक्क होता आणि तो नशिबावर सोडायची त्यांची तयारी नव्हती.

परीक्षेच्या दिवशी असिलकान एजे सकाळी सातला शाळेत पोचल्या. वर्गात नेहमीच्या जागी, फळ्यापुढं, लांब टेबल लावलं, त्यावर हिरवं कापड घातलं. परीक्षकांच्या तीन खुर्च्या फळ्याला पाठ करून ठेवल्या, मुलं समोरून, बाकांच्या बाजूनं येणार. साडेआठला मुख्याध्यापकांसमोर लिफाफा फोडला आणि पंचवीस चिठ्ठ्या एका ओळीत पालथ्या मांडल्या, मुलांच्या डाव्या हाताकडून एक, दोन, तीन. मग त्या शिक्षकांच्या खोलीकडं गेल्या, कारण तिथं मेंढा शिजत होता आणि शिजवणाऱ्या दोघींचं आपसात पटत नव्हतं.

परीक्षा घ्यायला जिल्ह्याहून कालमामात नावाचे गृहस्थ येणार होते. साठीचे, पूर्वी स्वतः गणित शिकवलेले, कडक म्हणून प्रसिद्ध. सागिनबेक मुख्याध्यापक वर्गावर शेवटची नजर टाकायला आले आणि दारातच थबकले. टेबल फळ्यापुढं, फळ्याशेजारी दार. म्हणजे जिल्ह्याचा पाहुणा, पिकल्या दाढीचा माणूस, दाराशी बसणार. आमच्याकडं दाराशी कोण बसतं? घरातली सून बसते, शेजारचा पोरगा बसतो. पाहुणा बसतो दारापासून सगळ्यात लांब, समोरच्या भिंतीशी, दाराकडं तोंड करून. हे तर शेंबड्या पोरालाही कळतं.

मुख्याध्यापकांनी चार मुलांना हाक मारली आणि टेबल उचलून वर्गाच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली नेऊन ठेवलं. “सांभाळून रे, चिठ्ठ्या हलल्या तर बघा.” मुलांनी टेबल इतकं सांभाळून नेलं की एक चिठ्ठी जागची हलली नाही. मग तिन्ही खुर्च्या टेबलाच्या पलीकडं, खिडकीला पाठ करून लावल्या. पाहुण्याला मानाची जागा मिळाली. मुलं आता दाराच्या बाजूनं येणार होती.

चहा झाला, तळलेले बोरसोक खाऊन झाले, आणि दहा वाजता कालमामात, मुख्याध्यापक आणि एजे असे तिघं परीक्षक वर्गात शिरले.

“बघा, कशी जागा केली,” सागिनबेक एजेंच्या कानाशी म्हणाले. “तुम्ही तर त्यांना चपलांपाशी बसवायला निघाला होतात.”

“बरं झालं, अगाय,” एजे म्हणाल्या आणि त्यांना खरंच बरं वाटलं. टेबलावर हिरवं कापड होतं, चिठ्ठ्यांची ओळ होती, सगळं जिथल्या तिथं होतं. ज्या बाईनं एकतीस वर्षं मुलांना आकृती आरशात उलटी कशी दिसते हे शिकवलं, तिच्या डोक्यात त्या वेळी काहीसुद्धा आलं नाही. मेंढ्यात मीठ जास्त पडलंय का, हे मात्र आलं.

पहिली चार मुलं आत आली. कानिशाय सगळ्यात पुढं, पांढरा सदरा, वेणी घट्ट. तिनं डावीकडून मोजत सातवी चिठ्ठी उचलली, उलटली आणि बघत राहिली.

“नंबर सांग, बाळ,” कालमामात म्हणाले.

“एकोणीस, अगाय.”

एजेंच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी टेबलाकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, आपल्या खुर्चीकडं पाहिलं. आता सगळं कळलं, पण आता कळून काय करणार? कानिशाय बाकावर जाऊन बसली होती. तिच्या मागच्या दोघांनीही चिठ्ठ्या उचलल्या, नंबर पुटपुटले आणि पांढऱ्या चेहऱ्यानं बसले. चौथा जेंगिश. हा मुलगा मनानं अगदी सरळ, आणि त्याच्या सरळपणाचा आजवर कुणाला त्रास झाला नव्हता. त्यानं डावीकडून पाचवी उचलली, वाचली आणि परत टेबलावर ठेवली.

“अगाय, ही माझी नाही.”

मुख्याध्यापकांनी खोकल्यासारखं केलं.

“तुझी नाही?” कालमामातांनी चष्मा काढला. “मग तुझी कोणती?”

“पाच नंबरची. ही एकवीस आहे.”

“आणि पाच नंबरची कुठं असते?”

“डावीकडून पाचवी,” जेंगिश म्हणाला. त्याला अजूनही वाटत होतं की आपण एक साधी चूक दुरुस्त करून घेतोय.

कालमामातांनी स्वतःच्या डाव्या हाताकडून बोटानं मोजलं. पाचवी चिठ्ठी उचलून उलटली. पाच नंबर. चिठ्ठी टेबलावर ठेवून त्यांनी आधी दाराकडं पाहिलं, मग मागं वळून खिडकीकडं पाहिलं.

“टेबल आधी कुठं होतं?”

“फळ्यापुढं,” मुख्याध्यापक म्हणाले. “पण अगाय, तुम्हाला दाराशी कसं बसवायचं...”

“हं. म्हणजे माझा मान राखलात आणि पोरांच्या चिठ्ठ्या उलट्या झाल्या.” ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. “तुम्ही मला दाराशी बसवलं असतंत, तर मी आत्ता शाळेची स्तुती करत बसलो असतो.”

त्यांनी मुलांना बाहेर पाठवलं. कानिशाय जाताना चिठ्ठी बरोबर घेऊन गेली. मग कालमामातांनी टेबलावर बोटं वाजवली. म्हणाले, “हे मी वर लिहिलं, तर परीक्षा रद्द. सागिनबेक, तुमची खुर्ची जाईल. एजे, तुमचं तर काय बोलायलाच नको. आणि नाही लिहिलं तर ह्या पोरांना मी काय देऊ? एकाला तरी काही येतं का?”

मुख्याध्यापकांनी एजेंकडं पाहिलं.

“मग असं करू. सगळ्यांना तीन. अकराच्या अकरा. पास. ज्याला दहावीला बसायचं त्यानं बसावं, ज्याला घरी जायचं त्यानं जावं. मी आंधळा, तुम्ही बहिरे, आणि तिकडं मांस गार होतंय.”

मुख्याध्यापकांच्या छातीवरचा दगड उतरल्याचं दिसतच होतं. त्यांनी गुणपत्रक पुढं ओढलंसुद्धा. दहा मुलांसाठी तीन म्हणजे लॉटरी होती, त्यात खोटं काही नाही. एजे गप्प बसल्या असत्या तर त्या दिवशी सगळे सुखी झाले असते, एक सोडून. त्यांना गप्प बसायचा मोह झाला. वय अठ्ठावन्न, एकतीस वर्षांची नोकरी, गावात मान, आणि समोरचा माणूस पांघरूण घालायला आपण होऊन तयार. असा मोह होण्यात आश्चर्य काही नव्हतं. त्या मनातल्या मनात स्वतःला समजावत राहिल्या, आणि मग एकदम बोलल्या.

“एका मुलीला तीन चालणार नाहीत.”

“एजे,” मुख्याध्यापक दबक्या आवाजात म्हणाले, “जाऊ द्या ना.”

“कानिशायला नारीनला जायचंय. पाच लागतात. तिची परीक्षा घ्या, अगाय. तिच्या हातात आहे त्याच चिठ्ठीवर घ्या.”

“एकीची घेतली तर सगळ्यांची घ्यावी लागेल.”

“मग लिहा. चिठ्ठ्या मी वाटल्या. आठ वर्षं वाटतेय. माझं नाव लिहा आणि तिची परीक्षा घ्या.” एजेंचा आवाज कापत होता आणि त्याचा त्यांना संताप येत होता. “ह्यांना काही माहीत नव्हतं,” त्या मुख्याध्यापकांकडं बोट दाखवून म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी खाली पाहिलं.

कालमामातांनी चष्मा परत चढवला. “बोलवा तिला. बाकीच्यांचे तीन कायम.”

कानिशाय आली आणि थेट फळ्याकडं गेली. फळा आता परीक्षकांपासून लांब होता, त्यामुळं तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

“पहिला प्रश्न,” ती म्हणाली. “बहुभुज आकृतीच्या आतल्या कोनांची बेरीज. हे मी पाठ केलेलं नाही. पण करून बघते.”

तिनं पंचकोन काढला, जरा वाकडा. खडू हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. मग एका कोपऱ्यातून समोरच्या दोन कोपऱ्यांपर्यंत रेघा ओढल्या.

“हे तीन त्रिकोण झाले. एका त्रिकोणाचे एकशे ऐंशी. म्हणजे पाचशे चाळीस.” तिनं शेजारी षट्कोन काढला, त्यात रेघा ओढल्या. “इथं चार त्रिकोण. एक बाजू वाढली की एक त्रिकोण वाढतो. त्रिकोण नेहमी बाजूंपेक्षा दोन कमी.”

“शंभर बाजू असल्या तर?” कालमामातांनी विचारलं.

“अठ्ठ्याण्णव त्रिकोण.”

“काढून दाखव.”

“काढायची गरज नाही, अगाय,” कानिशाय म्हणाली. “कोपऱ्याला टेकलेल्या दोन बाजू सोडल्या, तर उरलेल्या प्रत्येक बाजूवर एक त्रिकोण उभा राहतो. म्हणून दोन कमी. शंभर असोत नाहीतर हजार.”

कालमामात खुर्चीत पुढं सरकले. चाळीस वर्षांत त्यांनी या प्रश्नाची पाठ उत्तरं किती ऐकली असतील कोण जाणे. पण उत्तर समोर तयार होताना बघणं त्यांच्याही वाट्याला फारसं आलं नसावं. एजेंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर दिसलं असतं.

“दुसरा प्रश्न?”

कानिशायनं चिठ्ठी वाचली. “साइनचा नियम. लिहा आणि सिद्ध करा.” ती फळ्याकडं वळली. एक त्रिकोण काढला, त्याच्याभोवती वर्तुळ काढलं, पुसलं, त्रिकोणाच्या आत एक लंब टाकला. काहीतरी लिहायला गेली आणि थांबली. मिनिटं गेली. शिक्षकांच्या खोलीतून पातेल्यांचा आवाज येत होता. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडं पाहिलं.

“हा मला येत नाही,” ती शेवटी म्हणाली.

“वर्गात झाला होता ना?”

“एप्रिलात झाला. मी तेव्हा कळपाबरोबर होते.”

“पुस्तकात आहे की.”

“आहे. वाचला नाही.” कुणाला अडचणीत आणायचं तिच्या मनात नव्हतं, तिला विचारलं गेलं होतं म्हणून ती सांगत होती. “सात नंबरचीच तयार कर, बाकीच्यांना हात लावू नको, असं एजेंनी सांगितलं होतं.”

एजेंनी मान वर केली नाही.

“चार,” कालमामात म्हणाले. “पहिल्या प्रश्नाला मी सहा दिले असते, पण सहा नसतात. दुसरा कोरा. कोऱ्याला मी पाच देऊ शकत नाही, बाळ. दिले, तर मी तुझ्या एजेंपेक्षा वेगळा कसा?”

“चार म्हणजे चांगलेच की,” मुख्याध्यापक घाईनं म्हणाले. “अभिनंदन, कानिशाय.”

कानिशायनं खडू खाली ठेवला, हात झटकले. पण ती जागची हलली नाही.

“अगाय, पुन्हा परीक्षा असते ना? ऑगस्टमध्ये?”

“दहा तारखेला. पण ती नापासांची. ज्यांना दोन मिळतात त्यांची.”

“चारवाल्यांना बसता येतं?”

“नाही.”

“दोनवाल्यांना तेव्हा पाच मिळू शकतात?”

कालमामातांनी मुख्याध्यापकांकडं पाहिलं. मुख्याध्यापकांनी खांदे उडवले. “नियमात मिळू नयेत असं कुठं लिहिलेलं नाही,” कालमामात सावकाश म्हणाले. “जो जूनमध्ये दोन घेतो त्याला ऑगस्टमध्ये पाच कधी मिळालेले नाहीत, म्हणून कुणी विचारलं नाही.”

“नारीनची शाळा वीस ऑगस्टपर्यंत कागद घेते,” कानिशाय म्हणाली. “मग मला दोन द्या.”

“डोकं फिरलंय का तुझं?” असिलकान एजे उठूनच उभ्या राहिल्या. “ऑगस्टमध्ये काही बिनसलं, आजारी पडलीस, परीक्षक वेगळा आला, तर नववी पास झाल्याचा कागदसुद्धा मिळणार नाही. चार घे. हातातले चार घे आणि गप्प घरी जा.”

“आमच्या घरी चार आणि दोन सारखेच, एजे.”

एसेनला गावातला प्रत्येक जण ओळखत होता.

कालमामातांनी मुलीकडं पाहिलं. मग गुणपत्रक एजेंपुढं सरकवलं. “विषयशिक्षकानं भरायचं असतं. भरा. मी सही करतो. दहा ऑगस्टला मीच येईन, आणि चिठ्ठ्या मी स्वतः पिसेन. तुमचं नाव वर कळवायचं की नाही, तेही त्याच दिवशी ठरवतो.”

एजेंनी दहा नावांपुढं तीन लिहिले. अकराव्या नावाशी त्यांचा हात अडला. हा आकडा लिहिताना त्यांना जेवढे कष्ट पडले तेवढे आयुष्यात कुठल्याच आकड्याचे पडले नव्हते. लिहून झाल्यावर त्या पेन खाली ठेवून तशाच बसल्या.

बाहेर परीक्षा न देताच पास झालेली मुलं ओरडत होती, जेंगिशला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं होतं. पाहुणे जेवायला बसले. मानाचा वाटा म्हणून मेंढ्याचं डोकं कालमामातांपुढं ठेवलं गेलं आणि मीठ बरोबर पडलं होतं असं मागाहून कळलं. एजे जेवायला गेल्या नाहीत. कानिशाय शाळेच्या पायऱ्यांवर बसली होती. तिच्याशेजारी त्या गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या.

“चूक माझी होती, कानिशाय.”

“हो,” कानिशाय म्हणाली.

नाही एजे, तसं नाही, असं काहीतरी ती म्हणेल अशी एजेंची कुठंतरी अपेक्षा होती. ती म्हणाली नाही. तो शब्द एजेंनी मुकाट्यानं ऐकून घेतला. गेल्या आठ वर्षांत त्यांना तो कुणी ऐकवलाच नव्हता.

“सोमवारी ये,” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. “एक नंबरपासून सुरू करू. पंचवीसच्या पंचवीस.”

“सोमवारी कशी येणार? शनिवारी आम्ही वर कुरणावर चाललोय. आता ऑगस्टमध्येच खाली.”

“मग गं?”

“मग तुम्हालाच वर यावं लागेल.” कानिशायनं हे सगळं आधीच ठरवून ठेवलेलं दिसत होतं. “दिवसा दर दोन तासांनी घोड्यांची धार काढायची असते. दोन धारांच्या मधे मला तासभर मिळतो. तुम्ही पण धार काढायला लागलात तर दीड तास मिळेल. तंबूत जागा आहे, आईला मी सांगते. बाबांना दोन मिळाल्याचं मात्र तुम्ही सांगायचं. का मिळाले ते पण.”

“सांगते.”

“आजच.”

“आजच सांगते, चल.”

एजे उठल्या. कानिशायनं त्यांना हात दिला नाही, पण त्यांचा तोल सावरेपर्यंत ती थांबली.

“गाडी खिंडीपर्यंतच जाते,” चालता चालता ती म्हणाली. “पुढं घोड्यावरून. तुम्हाला बसता येतं ना अजून?”

असिलकान एजेंनी जरा आठवून पाहिलं. शेवटचं बसल्या त्याला वीस वर्षं तरी झाली असतील.

“शिकव,” त्या म्हणाल्या.